सकाळी बोटं किती वेळानं सुटतात?

कर्नाटकातल्या निपाणीत विडी वळणाऱ्या बाईचं पोट तिच्या बोटांवर चालतं. पान कापायचं, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. बोटांची पेरं सुजली की घरचे म्हणतात, कामानंच झालंय. शेजारीण म्हणते, वात आहे.

या ‘वात’ शब्दानं आपल्याकडे फार घोटाळा केलाय. झिजलेला गुडघाही वात आणि आमवातही (रुमेटॉइड आर्थरायटिस) वात. खरं तर ही दोन अगदी वेगळी दुखणी. झिजेचं दुखणं कामानं वाढतं, बसलं की उतरतं. आमवातात उलट. रात्रभर आराम झाल्यावरच सांधे आखडतात आणि कामाला लागल्यावर हळूहळू सुटतात. म्हणून तपासणाऱ्यानं पहिला प्रश्न विचारावा तो असा: “मावशी, सकाळी बोटं किती वेळानं सुटतात?” पाच-दहा मिनिटं हे उत्तर वेगळं; “भाकऱ्या थापायला बसले तरी मूठ वळत नाही बघा” हे वेगळं. अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडणं म्हणजे दाह असल्याचा संशय धरायचा.

सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, जेमतेम एक-दोन पेशींच्या थराचं. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्यावरच उलटते. अस्तर फुगतं, जाड होतं आणि शेजारची कूर्चा नि हाड कुरतडू लागतं. हा दाह पेटवणारी काही रसायनं रक्तात पहाटेच्या सुमारास सर्वाधिक असतात, म्हणून त्रास सकाळी. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो. त्यात खड्डे दिसेपर्यंत थांबलं तर हाड गेलेलं असतं, ते परत भरत नाही.

म्हणूनच घाई. युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार त्रास सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञानं पेशंट पाहायला हवा. आपल्याकडे पेशंट आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, मग मालिशवाल्याकडे, मग कुणीतरी दिलेल्या पुडीकडे. पुडीनं दोन दिवसांत आराम पडला तर जरा सावध व्हा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. सूज दबते, कुरतडणं आतून चालू राहू शकतं आणि तज्ज्ञासमोर बसायची वेळ येते तेव्हा दाखवायला सूजच नसते.

दुसरी अडवणूक रिपोर्टची, म्हणजे आमवातासाठी करतात त्या ‘आरए फॅक्टर’ या रक्ततपासणीची. ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह, मग काही नाही’ असं सांगून पेशंटला परत पाठवतात. पण आमवाताच्या दहांपैकी दोन-तीन पेशंटांत ही तपासणी निगेटिव्हच येते, आणि काही धडधाकट माणसांत पॉझिटिव्ह. त्यामुळे हातापायांचे लहान सांधे सुजलेले दिसले तर रिपोर्टची वाट न पाहता संधिवाततज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी द्यावी. बोटांच्या मुळाशी हात आडवा हलका दाबून पाहिला आणि बाई कळवळली, तर तो रिपोर्टपेक्षा बोलका पुरावा आहे. एकच सांधा लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर मात्र आठवड्यांची गोष्टच नाही. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

चिकुनगुन्याचा गोंधळ आपल्या भागात वेगळाच. 2006 साली या साथीनं कर्नाटकाला चांगलंच झोडपलं होतं. ताप गेला तरी सांधे महिनोन् महिने धरून बसतात, त्यामुळे चिठ्ठीत तापाची हकिकत हवीच. शिवाय त्रास कधीपासून, कोणते सांधे, कोणत्या गोळ्या झाल्या, पूर्वी टीबी होता का, मूल हवंय का, हेही. निपाणीला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. पेशंट तिकडे जातो आणि इकडचे कागद घरच्या प्लास्टिकच्या पिशवीत राहतात. नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो.

पुढे बहुतेकांना मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध सुरू होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि गरोदरपणात ती चालत नाही. वार लक्षात राहावा म्हणून आठवडी बाजाराचा दिवस धरून द्यावा: बाजार करून आलं, जेवलं, की गोळी. तिच्या जोडीला देतात ते फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व दुसऱ्या वारी.