आकडे आठ, त्यातले खरे किती?

ई-कॉमर्स साइटवर वॉकीटॉकी विकण्यासंबंधी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये नियम काढले. ती बातमी वाचून वर्धा रोडवरच्या लग्नाच्या लॉनचं काम पाहणारा एक ओळखीचा मुलगा दोन सेट घेऊन घरी आला. "काका, पाहून द्या न, लायसन तर नाही लागत याले?"

आपल्याकडे 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढी चिंचोळी पट्टी कमी शक्तीच्या, मंजुरी मिळालेल्या हातातल्या सेटना परवान्याविना मोकळी आहे. फ्रिक्वेन्सी काउंटर, म्हणजे सेटमधून सेकंदाला किती लहरी निघतात ते आठ आकडी पडद्यावर दाखवणारं यंत्र, घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. मे महिना, दुपारचे तीन. मुलगा पत्र्याखाली सावलीत, काउंटर कठड्यावर उन्हात. बोलायचं नाही, नुसतं बटण दाबायचं, कारण एफएममध्ये आवाज फ्रिक्वेन्सी हलवूनच पाठवतात, म्हणून बोलण्याने आकडा हलतो. आला 446.0085. पहिलं चॅनल असतं 446.00625 ला. "सेट सरकलाय," मी निकाल देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तोच सेट 446.0064 दाखवत होता. ऊन लागलं होतं ते काउंटरला.

काउंटर लहरी अक्षरशः मोजतो. ठरावीक वेळ फाटक उघडायचं, आत आलेल्या लहरी मोजायच्या, फाटक लावायचं. नाक्यावर तासाभरात किती गाड्या गेल्या हे मोजणाऱ्याचं घड्याळ मंद चालत असेल, तर त्याचा तास लांबतो आणि गाड्या जास्त भरतात. काउंटरचं घड्याळ म्हणजे क्वार्ट्झची थरथरणारी चकती, बहुधा 10 मेगाहर्ट्झची. तिचे एक कोटी कंप झाले की एक सेकंद. ती मंदावली की आकडा फुगतो.

आणि ती उन्हात मंदावते. पण कशी, ते पाहण्यासारखं आहे. क्वार्ट्झचा खडा कोणत्या कोनात कापला यावर त्याचा तापमानाशी असलेला स्वभाव ठरतो. एटी कट नावाच्या प्रचलित प्रकारात कोन असतो सुमारे 35 अंश 15 मिनिटं. त्याचा आलेख आडव्या पडलेल्या एस अक्षरासारखा असतो: 25 अंशांच्या आसपास जवळजवळ सपाट, पुढे तापलं की आधी खाली, मग खूप तापल्यावर झपाट्याने वर. कोनात काही मिनिटांचा फरक पडला तरी हा उतार बदलतो. म्हणजे कारखान्याने आपला खडा 25 अंशांच्या सुखात बेतलेला, आणि नागपुरात नवतपा. महागड्या काउंटरात यावर मजेदार तोड असते: खडा एका छोट्या भट्टीत कायम 70-80 अंशांवर ठेवतात आणि त्याचा सपाट भाग तिथेच येईल असा कापतात. बाहेर 20 असो की 45, त्याला पत्ता नाही.

माझी चूक होती 2100 हर्ट्झ, म्हणजे दहा लाखात सुमारे पावणेपाच भाग. चॅनलमधलं अंतर 12500 हर्ट्झ असताना ही किरकोळ नव्हे.

शिवाय सेकंदाला 44 कोटी 60 लाख लहरी साध्या चिपला झेपत नाहीत, म्हणून आधी त्यांना 64 ने भागतात आणि भरपाईसाठी फाटक 0.64 सेकंद उघडं ठेवतात. हिशोब केलात तर शेवटचा आकडा 100 हर्ट्झचा निघतो. त्यापुढे दशांश दिसले तरी त्यांना अर्थ नाही.

सेटची अँटेना काढून थेट काउंटरला जोडू नका. तेवढ्या शक्तीने काउंटरचा पहिलाच टप्पा जळू शकतो. सेटला अँटेनेच्या जागी डमी लोड, म्हणजे शक्ती आतच जिरवणारा रोध, लावा, काउंटरची छोटी अँटेना हातभर दूर धरा.

जवळ कोणी बोलत नसलं तरी अनेक स्वस्त काउंटर आकडे नाचवत राहतात, स्वतःच्याच आतल्या गोंगाटाचे. असलंच यंत्र देवघराच्या कोपऱ्यात फिरवून "निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी" दाखवणारे वास्तूवाले मी पाहिलेत. मोबाइल खिशातून काढायला सांगा, आकडा बदलेल, दोष मात्र तुमच्या घराचाच राहील.

मुलाचा दुसरा सेट सकाळच्या गारव्यात 462.5627 दाखवत होता. अमेरिकेतल्या घरगुती वॉकीटॉकीचं पहिलं चॅनल 462.5625. पट्टीपासून 16 मेगाहर्ट्झ लांब, एवढी चूक कुठल्याच उन्हाने होत नाही. तो सेट त्याने त्याच दिवशी परत पाठवला.