द्विध्रुवी विकार : मनोवस्था आणि मेंदूची रचना

द्विध्रुवी विकार, म्हणजेच बायपोलर, असलेल्या व्यक्तीच्या आयुष्यात उन्माद (कमालीचा उत्साह व अस्वस्थ उत्तेजना), नैराश्य आणि मधल्या स्थिर काळाची आवर्तने येत राहतात. मनोवस्था बदलली की मेंदूची रचनाही बदलते का, हा प्रश्न मेंदूच्या प्रतिमा घेण्याची तंत्रे आल्यापासून अभ्यासला जात आहे. त्याचा विचार करताना मेंदूची रचना आणि त्याचे कार्य वेगळे ठेवावे लागते. कार्य काही दिवसांत पालटू शकते, पण रचनेतले फरक सहसा सावकाश घडतात आणि मनःस्थिती निवळल्यावरही बव्हंशी टिकून राहतात.

मनोविकार-संशोधक वेन ड्रेव्हेट्स व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केलेल्या अभ्यासात ही गुंतागुंत चांगली दिसते. कपाळामागच्या बाह्यकाचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा), महासंयोजीच्या (मेंदूचे दोन अर्धगोल जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्याच्या) पुढच्या वळणाखाली असलेला भाग त्यांनी तपासला. नैराश्यात तिथला चयापचय (पेशींचा ऊर्जावापर) घटलेला होता, तर उन्मादात वाढलेला. मात्र त्या भागातील करडे द्रव्य (चेतापेशींनी भरलेली ऊती) द्विध्रुवी गटात सरासरी ३९ टक्क्यांनी कमी भरले, आणि नैराश्यातल्या घटलेल्या चयापचयाचे काही अंशी कारण हेच होते. पेशी कमी असतील तर यंत्रावर क्रियाही कमीच दिसणार. पुढच्याच वर्षी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये, कौटुंबिक इतिहास असलेल्या रुग्णांत, या भागातील ग्लिया पेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) घटलेल्या आढळल्या.

एवढी मोठी तफावत मोठ्या नमुन्यांत टिकत नाही. अनेक देशांतील एमआरआय एकत्र करणाऱ्या एनिग्मा गटाने २०१६ मध्ये १,७१० रुग्ण आणि २,५९४ निरोगी व्यक्तींची तुलना केली. हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित भाग) व थॅलॅमस (संवेदनांचे संकेत पुढे पाठवणारा भाग) थोडे लहान आणि मेंदूतील पार्श्व पोकळ्या थोड्या मोठ्या निघाल्या. त्याच गटाच्या २०१८ च्या अभ्यासात ललाट (कपाळामागच्या), शंख (कानशिलाजवळच्या) आणि पार्श्विका (डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूच्या) खंडांतील बाह्यक पातळ आढळले. हे फरक सरासरीचे आहेत. दोन्ही गटांची मापे एकमेकांत इतकी मिसळतात की एकट्या स्कॅनवरून निदान करता येत नाही, आणि रुग्ण त्या घडीला उन्मादात आहे की नैराश्यात हेही सांगता येत नाही. स्कॅनमध्ये काही दिसले नाही म्हणून आजार खरा नाही, असे घरच्यांनी समजणे म्हणूनच चुकीचे आणि रुग्णावर अन्याय करणारे ठरते.

एका वेळच्या मनोवस्थेपेक्षा आजवरच्या आवर्तनांचा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच रुग्णांचे काही वर्षांनी पुन्हा स्कॅन केले असता, मधल्या काळात उन्मादाचे झटके आलेल्यांत ललाट भागाची झीज जास्त आढळली. झटक्यांनी झीज होते, की झिजणाऱ्या मेंदूला झटके अधिक येतात, हे अशा निरीक्षणांतून ठरत नाही. तरीही झटके टाळण्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

औषधांमुळे चित्र आणखी गुंतते. लिथियम हे मनोवस्था स्थिर ठेवणारे औषध घेणाऱ्यांचे बाह्यक तुलनेने जाड आणि हिप्पोकॅम्पस मोठा आढळतो. अपस्माररोधक (फिट्सवरची, पण या विकारातही दिली जाणारी) औषधे घेणाऱ्यांत बाह्यक अधिक पातळ दिसले. सन २००० मध्ये एका छोट्या अभ्यासात चार आठवडे लिथियम दिल्यावर दहापैकी आठ रुग्णांत करडे द्रव्य सरासरी ३ टक्क्यांनी वाढलेले दिसले. ही वाढ पेशींच्या संरक्षणामुळे झाली, की लिथियममुळे ऊतींतून मिळणारा एमआरआयचा संकेतच बदलल्याने तशी भासली, यावर संशोधकांत मतभेद आहेत.