सलूनमधील रक्तदाब उपचार

अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांच्या उच्च रक्तदाबाचे निदान व उपचार त्यांच्या नेहमीच्या केशकर्तनालयातच करण्याची पद्धत.

या समाजात उच्च रक्तदाब कमी वयात जडतो आणि पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणे यांनी दगावण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे. दवाखान्याची पायरी न चढण्यामागे खर्च आणि विम्याचा अभाव आहेच, पण जुना अविश्वासही आहे. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही, अभ्यासासाठी उपचाराविना ठेवले गेले. सलूनची गोष्ट वेगळी. तिथे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे त्याच खुर्चीत बसते आणि घरचे-दारचे सगळे बोलते. बाल्टिमोरचे हृदयरोगतज्ज्ञ एलायजा सॉन्डर्स यांनी हे ओळखून चर्च आणि सलूनमध्ये रक्तदाब तपासणी नेली.

टेक्सासमधील डॅलस येथे हृदयरोगतज्ज्ञ रोनाल्ड व्हिक्टर यांनी १७ सलूनमध्ये घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. तिथे केशकर्तनकारच दंडाला पट्टा बांधून दाब मोजत आणि वाढलेला दिसला की डॉक्टरकडे धाडत. (मोजताना बोलायचे नसते; सलूनमध्ये हे पथ्य सर्वांत अवघड.) फायदा झाला, पण बेताचाच. चिठ्ठी हातात पडली तरी पुढचा रस्ता तोच जुना होता.

म्हणून लॉस एंजेलिसमध्ये औषधच सलूनमध्ये आणले गेले. कृष्णवर्णीय मालकांची ५२ सलून आणि वरचा दाब १४० किंवा त्याहून अधिक असलेले ३१९ पुरुष निवडले. सुमारे निम्म्या सलूनमध्ये खास प्रशिक्षित औषधतज्ज्ञ येऊन बसत. रुग्णाच्या डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार ते तिथेच गोळ्या ठरवीत, डोस वाढवीत आणि रक्तातील क्षार तपासत. अॅम्लोडिपिन हे मुख्य औषधांपैकी एक. गोळ्या आणि प्रवासाच्या खर्चासाठी रुग्णांना दर भेटीला २५ डॉलरही मिळत. उरलेल्या सलूनमध्ये केशकर्तनकार फक्त पथ्यपाणी सांगत आणि डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह धरत. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा दाब सरासरी २७ मिमीने उतरला, दुसऱ्याचा ९.३ मिमीने. १३०/८० च्या खाली आलेले पहिल्यात ६३.६ टक्के होते, दुसऱ्यात ११.७ टक्के. केशकर्तनकाराचा शब्द दोन्हीकडे होता. फरक पाडला तो गोळ्यांनी. जनजागृतीवर भिस्त ठेवणाऱ्या शिबिरांना हा निकाल अडचणीचा वाटावा असाच आहे.

भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा रोखही असाच आहे: ठरलेली साधी औषधयोजना, किमान महिनाभराच्या गोळ्या एकदम आणि त्या घराजवळच्या सरकारी केंद्रावर. महाराष्ट्रात साताऱ्यासारख्या जिल्ह्यांपासून त्याची सुरुवात झाली.

लॉस एंजेलिसच्या चाचणीला मर्यादा आहेत. तिने रक्तदाब मोजला, टळलेले हृदयविकाराचे झटके नव्हेत. औषधतज्ज्ञांना सलून ते सलून गाडीने फिरवणे महागात पडते. स्त्रिया तिच्यात नव्हत्या. शिवाय सहभागासाठी दर सहा आठवड्यांत किमान एकदा केस कापून घेणारे नियमित गिऱ्हाईक असण्याची अट होती. ज्याच्याकडे तेवढेही पैसे नाहीत, तो या खुर्चीपर्यंत पोचलाच नाही.