भूऔष्णिक प्रेरित भूकंप : पीएच.डी. संशोधनाचे क्षेत्र

भूगर्भातील उष्णतेपासून ऊर्जा मिळवताना खडकांतील दाब किंवा तापमान बदलल्यामुळे होणारे भूकंप. जलाशयाशी जोडले गेलेले कोयनेचे धक्के जसे प्रेरित, म्हणजे माणसाच्या कामामुळे घडलेले, तसेच हेही.

कोरड्या पण तापलेल्या कातळातून वीज काढायची तर काही किलोमीटर खोल विहीर विंधून तीत मोठ्या दाबाने पाणी सोडतात. भेगा रुंदावतात, पाणी त्यांतून फिरून तापते आणि दुसऱ्या विहिरीतून वर येते. हा दाब एखाद्या जुन्या विभंगापर्यंत, म्हणजे खडक जिथे तुटून सरकलेला आहे त्या भेगेपर्यंत, पोचला, की त्याच्या दोन बाजू घट्ट धरून ठेवणारे घर्षण कमी पडते आणि खडक सरकतो. ताण तिथे आधीच साठलेला असतो. पाणी निमित्त ठरते.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे 2 डिसेंबर 2006 रोजी पाच किलोमीटर खोल विहिरीत पाणी सोडायला सुरुवात झाली. धक्के वाढताच ते थांबवले, तरी 8 डिसेंबरला 3.4 तीव्रतेचा धक्का बसला आणि पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीतही 3 हून मोठे धक्के येत राहिले. प्रकल्प 2009 मध्ये कायमचा बंद झाला. दक्षिण कोरियातील पोहांगला तर शेवटचे पाणी सोडून सुमारे दोन महिने लोटल्यावर, 15 नोव्हेंबर 2017 रोजी, 5.5 तीव्रतेचा भूकंप झाला. सरकारने नेमलेल्या चौकशी गटाने 2019 मध्ये त्याचा संबंध प्रकल्पाशी जोडला.

पंप बंद झाला तरी दाब खडकात पसरतच राहतो, आणि पीएच.डी.साठी सर्वांत कसदार प्रश्न इथेच आहे. किती तीव्रतेचा धक्का बसला की काम थांबवायचे, हे ठरवणारी सिग्नलसारखी हिरवा-पिवळा-लाल पद्धत वापरात आहे. पण थांबवल्यानंतरचा मोठा धक्का तिला टाळता येत नाही. म्हणून संशोधक विहिरीत उतरवलेल्या भूकंपमापकांवर हजारो सूक्ष्म धक्के टिपतो, त्यांची स्थाने नेमकी करतो, दाबाच्या प्रसाराचे गणित मांडतो आणि पुढच्या धक्क्याची शक्यता काढतो. यातले निम्मे यश काम सुरू होण्यापूर्वीच्या नोंदींवर ठरते. नैसर्गिक धक्के आधी मोजले नसतील, तर नंतर कोणता कशाचा हे सांगणे फार अवघड.

मराठवाड्यात भूऔष्णिक वीजकेंद्र नाही. किनवट तालुक्यातील उनकेश्वरचे गरम झरे आपसूक वर येतात. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला, तोवर हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणला जात होता. शांत दिसणाऱ्या जमिनीखालीही ताण असतो, हे लातूर-धाराशिवच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. नांदेड-हिंगोली भागात गडगडाटासह धक्के येतात. हिंगोलीला 2024 मध्ये मार्च आणि जुलैत प्रत्येकी 4.5 तीव्रतेचा धक्का जाणवला. दुष्काळात शेतात मारलेल्या बोअरकडे कधी कधी यासाठी बोट दाखवले जाते. तो काही शे फूट खोल असतो आणि पाणी वर खेचतो, दाबाने आत घालत नाही. भूऔष्णिक विहिरीचे काम त्याहून अगदी निराळे.

या प्रदेशात पुढे कधी खोल विहीर विंधायचे ठरले, तर हे नैसर्गिक धक्केच तुलनेचा आधार ठरतील. काळ्या पाषाणाच्या थराखालचे विभंग वरून दिसत नाहीत. किल्लारीजवळच्या विंधणात तो थर सुमारे 338 मीटर जाड निघाला. जुने कठीण खडक त्याखाली लागले.