राउली, जॅनेट डेव्हिसन

राउली, जॅनेट डेव्हिसन : (५ एप्रिल १९२५ – १७ डिसेंबर २०१३). अमेरिकन वैद्यक आणि पेशी-आनुवंशिकीतज्ज्ञ. दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जोडले जाणे, म्हणजे गुणसूत्रांचे स्थानांतरण, ही रक्ताच्या कर्करोगातील योगायोगाने घडणारी पडझड नसून रोगाच्या ठरावीक प्रकारात पुन्हा पुन्हा आढळणारी ठरावीक घटना आहे, हे त्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. कर्करोग हा मुळात जनुकांचा विकार आहे, ही आज गृहीत धरली जाणारी कल्पना ज्या भक्कम पुराव्यांवर उभी राहिली, त्यांत त्यांच्या कामाचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म न्यूयॉर्क शहरात झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या शिकागो विद्यापीठात दाखल झाल्या. १९४४ मध्ये वैद्यकीय शाखेसाठी त्यांची निवड झाली खरी, पण ६५ विद्यार्थ्यांच्या वर्गात स्त्रियांसाठी तीनच जागा होत्या आणि त्या भरलेल्या होत्या. त्यामुळे त्यांना नऊ महिने थांबावे लागले. १९४८ मध्ये त्या वैद्यकाच्या पदवीधर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड राउली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना चार मुलगे झाले. धाकटा मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत त्यांनी आठवड्यातून मोजकेच दिवस काम केले. त्यांचे सर्वांत महत्त्वाचे शोध याच अर्धवेळ कामाच्या काळातले आहेत, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात तळटीप म्हणून उरकण्याजोगी नाही.

गुणसूत्रांकडे त्या वळल्या त्या शिकागोतील एका चिकित्सालयामुळे. तेथे त्या मतिमंद मुलांवर उपचार करीत, आणि त्यांपैकी अनेकांना डाउन संलक्षण होते. या मुलांच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र एक जास्तीचे असते, असे १९५९ मध्ये झेरोम लझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये जाहीर केले, आणि रोगाचे मूळ सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहता येते ही शक्यता राउली यांच्यासमोर उभी राहिली. १९६१-६२ मध्ये पतीच्या संशोधन-रजेच्या निमित्ताने त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि गुणसूत्रांचा अभ्यास करण्याचे तंत्र शिकून आल्या. परतल्यावर शिकागो विद्यापीठातील रक्तविकारतज्ज्ञ लिऑन जेकबसन यांनी त्यांना एक सूक्ष्मदर्शक, प्रयोगशाळेतील थोडी जागा आणि बेताचे वेतन दिले. जेकबसन यांच्या रुग्णांचे नमुने त्यांच्याकडे येऊ लागले आणि पुढील पन्नास वर्षांच्या कामाची दिशा ठरली.

त्या वेळी या क्षेत्राची स्थिती अशी होती. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना दीर्घकालिक मज्जाजन्य रक्तकर्करोगाच्या रुग्णांमध्ये एक असाधारण लहान गुणसूत्र आढळले होते. ते काम फिलाडेल्फियात झाले असल्याने त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ हे नाव पडले. तथापि तेव्हाच्या रंजनपद्धतींत सगळे गुणसूत्र एकसारखेच गडद दिसत. लांबी आणि आकार यांवरून गट पाडता येत, पण एकविसावे कोणते आणि बाविसावे कोणते हे नक्की सांगता येत नसे. गुणसूत्राचा काही भाग गळून नाहीसा झाला असावा, असा सर्वसाधारण समज होता. इतर रक्तकर्करोगांत जे बदल दिसत, ते इतके विस्कळीत भासत की बहुतेक संशोधक त्यांना रोगाचे कारण न मानता रोगाचा परिणाम मानत.

१९७० मध्ये स्वीडनमध्ये टॉर्बजोर्न कास्परसन व लोरे झेक यांनी क्विनाक्रिन हे रंगद्रव्य वापरून गुणसूत्रांवर फिकट-तेजस्वी पट्टे उमटवण्याची रीत प्रसिद्ध केली. प्रत्येक गुणसूत्राच्या पट्ट्यांची मांडणी वेगळी असल्याने ते आता नेमके ओळखता येऊ लागले. १९७०-७१ मधील ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मुक्कामात राउली यांनी ही रीत आत्मसात केली.

१९७२ मध्ये त्या गुणसूत्रांची छायाचित्रे घरी आणत आणि जेवणाच्या टेबलावर पसरत. कात्रीने एकेक गुणसूत्र कापायचे, जोड्या लावायच्या आणि रुग्णामागून रुग्ण तपासत जायचे. आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळते, अशी मुले त्यांची थट्टा करीत. याच टेबलावर त्यांना तीव्र मज्जाजन्य रक्तकर्करोगाच्या काही रुग्णांत आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांनी आपले तुकडे अदलाबदल केल्याचे दिसले. हे रक्तकर्करोगातील पहिले ज्ञात स्थानांतरण होय.

त्यानंतरचा शोध त्यांच्या नजरेची खरी ओळख करून देतो. फिलाडेल्फिया गुणसूत्र हे बाविसावे असून ते आखूड झालेले आहे, एवढे तोवर ठाऊक झाले होते, आणि सगळ्यांचे लक्ष गहाळ झालेल्या तुकड्याकडे होते. राउली यांचे लक्ष गेले नवव्या गुणसूत्राकडे. जोडीतील एका नवव्या गुणसूत्राच्या टोकाला फिकट रंगाचा एक अधिकचा तुकडा होता, आणि त्याचा आकार बाविसाव्याच्या उणिवेशी जुळत होता. म्हणजे काही हरवलेले नव्हते. तुकडा एका गुणसूत्रावरून दुसऱ्यावर गेला होता. हा निष्कर्ष १९७३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

याचे महत्त्व लगेच सर्वांना पटले असे नाही. दोन वेगळ्या रोगांत दोन वेगळी स्थानांतरणे, हा पुरावा तसा तुटपुंजा होता. १९७७ मध्ये राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र प्रोमायलोसाइटिक (प्रोमायलोसाइट या अपक्व पांढऱ्या पेशींच्या) रक्तकर्करोगात पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांचे स्थानांतरण दाखवले, आणि हा विशिष्ट बदल या विशिष्ट प्रकारातच भेटतो असे दिसून आले. एकाच रोगाच्या रुग्णांत तोच बदल पुन्हा पुन्हा आणि त्याच जागी दिसत असेल, तर त्याला आनुषंगिक म्हणता येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. पूर्वी किरणोपचार किंवा रसायनोपचार घेतलेल्या रुग्णांना पुढे जो रक्तकर्करोग होतो, त्यात पाचव्या व सातव्या गुणसूत्रांचा भाग वा संपूर्ण गुणसूत्र गमावले जाते, हेही त्यांच्या गटाने नोंदवले.

तुटीच्या जागी नेमके काय घडते, याचे उत्तर १९८० च्या दशकात इतर प्रयोगशाळांनी दिले. नवव्या गुणसूत्रावरील एबीएल हे जनुक बाविसाव्यावरील बीसीआर या जनुकाला जोडले जाते आणि या जोड-जनुकापासून असे प्रथिन बनते की त्याची टायरोसिन कायनेज ही क्रिया (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून संदेश देण्याची क्रिया) कधी बंदच होत नाही. परिणामी पेशींना विभागणीची आज्ञा सतत मिळत राहते. लक्ष्य नक्की झाल्यावर औषधाचा विचार शक्य झाला. निकोलस लायडन, ब्रायन ड्रकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून इमॅटिनिब हे औषध सिद्ध झाले. पहिल्या चाचणीत दररोज ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्तचित्र पूर्णतः सुधारले, आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. भारतात याच औषधाच्या एका स्फटिकरूपाचे एकस्व (पेटंट) सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारल्याने येथे त्याची स्वस्त रूपे उपलब्ध राहिली. पंधरा-सतरा स्थानांतरणाच्या रोगातही तुटीच्या जागी रेटिनॉइक अम्ल (अ जीवनसत्त्वापासून बनणारे द्रव्य) ज्याला चिकटते त्या ग्राही प्रथिनाचे जनुक सापडले. शांघायमध्ये वांग झेन-यी यांच्या गटाने ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अम्लाने या रोगावर उपचार आधीच सुरू केले होते. ते का लागू पडतात याचा उलगडा या जनुकामुळे झाला.

राउली यांच्या प्रयोगशाळेने पुढे सूक्ष्मदर्शकाबरोबर रेणवीय तंत्रेही स्वीकारली. अकराव्या गुणसूत्रावरील एमएलएल या जनुकाच्या शोधात या गटाचा मोठा वाटा होता. अर्भकांच्या रक्तकर्करोगात हे जनुक वारंवार तुटलेले आढळते, आणि ते अनेक निरनिराळ्या जोडीदारांशी जोडले जाते.

१९९८ मध्ये त्यांना नॉवेल आणि आल्फ्रेड नुडसन यांच्यासमवेत लास्कर पुरस्कार मिळाला, तसेच अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदकही देण्यात आले. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्य पदक आणि २०१२ मध्ये ड्रकर व लायडन यांच्यासह जपान पारितोषिक त्यांना प्राप्त झाले. राष्ट्राध्यक्षांच्या जैवनीती परिषदेच्या सदस्य असताना त्यांनी भ्रूणमूल पेशींच्या संशोधनावरील निर्बंधांना उघड विरोध केला. अंडाशयाच्या कर्करोगाच्या गुंतागुंतीमुळे शिकागो येथे त्यांचे निधन झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये केलेल्या वर्गीकरणात तीव्र मज्जाजन्य रक्तकर्करोगाचे काही प्रकार प्रथमच गुणसूत्रांच्या बदलांवरून ठरवले गेले. आठ-एकवीस आणि पंधरा-सतरा ही स्थानांतरणे त्यांत आहेत. रुग्णाच्या अस्थिमज्जेच्या अहवालावर आज हेच आकडे कंसात लिहून येतात, आणि उपचार कोणता द्यायचा हे बऱ्याचदा त्यांवरूनच ठरते.