डुक्कर फियाट आणि डालडाचा पत्रा

ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट काढली, तिच्याखालचं डांबर खरवडलं, तेव्हा पिवळा पत्रा दिसायला लागला. अजून थोडं खरवडल्यावर त्या पिवळ्यावर हिरवं माडाचं झाड उगवलं. मला काही कळेना. मिस्त्री मात्र खाली बसूनच हसायला लागले. "साहेब, डालडा!" कधीतरी गाडीचा तळ सडला होता आणि कुणीतरी वनस्पती तुपाचा डबा उभा कापून, ठोकून सपाट करून, रिव्हेट मारून तिथे बसवला होता. काम इतकं चोख होतं की तीस-चाळीस वर्षं त्या डब्यावर पाय ठेवून लोकांनी क्लच दाबला असणार.

ही गाडी म्हणजे फियाट सुपर सिलेक्ट, साठच्या दशकाच्या सुरुवातीची. मराठी मुलखात तिला डुक्कर फियाट म्हणतात. बॉनेटचं नाकाड पुढे आलेलं, अंग गोलमटोल, आणि पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. चालत्या गाडीत दार नीट लागलेलं नसलं तर वारा ते फाडून उघडतो. म्हणून जुने लोक बसल्या बसल्या आधी दार ओढून बघायचे, ती सवय आजही काहींची सुटलेली नाही.

जुनी गाडी घेऊन तिला पुन्हा रस्त्यावर आणायचा छंद हल्ली बराच दिसतो. तो असणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात: पार्ट कुठे मिळतात आणि खर्च किती आला. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न जास्त रंगतदार आहे. आपल्याकडच्या जुन्या गाड्या उघडल्या की आत डालडाचे डबे, दुसऱ्याच गाडीचे गिअरबॉक्स आणि लांबीचे, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचे, बोटभर थर का निघतात? याचं उत्तर गाडीच्या मालकात नाही. ते थोडं कुर्ल्यात आहे आणि थोडं दिल्लीत.

मोटारीचा कारखाना हिंदुस्थानात निघावा, ही योजना विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकातच मांडली होती. ती प्रत्यक्षात आणायला लागणारा हट्ट मात्र सोलापूरच्या वालचंद हिराचंदांकडे होता. जहाजं, विमानं, साखर अशा जिथे तिथे हात घातलेल्या या माणसाने अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला डॉज, प्लिमथ, डिसोटो. सुटे भाग बाहेरून यायचे, जुळणी इथे व्हायची.

तेव्हा मुंबईत जुळणी करणारे ते एकटेच नव्हते. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून चालू होता, फोर्डही इथेच होती. मग स्वतंत्र सरकारने १९४९ मध्ये तयार गाड्यांच्या आयातीला बंदी घातली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने आणखी पुढचं सांगितलं: ज्यांना हळूहळू सगळी गाडी इथेच बनवायची आहे त्यांनीच थांबावं. नुसती जुळणी करणाऱ्या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्याच वर्षी वालचंद गेले. त्यामुळे कुर्ल्याला ज्या गाडीने ओळख दिली ती त्यांनी पाहिलीच नाही.

ती गाडी म्हणजे इटलीच्या फियाटची ११००. इटलीत १९५३ मध्ये निघाली आणि लगेच १९५४ मध्ये कुर्ल्यात आली. तिचं नाव मिलेचेंतो. इटालियन भाषेत त्याचा अर्थ नुसता 'अकराशे', पण ते एखाद्या राजकन्येचं नाव असावं अशा थाटात आपल्याकडे उच्चारलं जायचं. पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं बदलत गेली. साठच्या दशकाच्या मध्यावर ११००डी आली, तेव्हा दारं सुलटी झाली, अंग चौकोनी झालं आणि डुकराचं नाक गेलं. हीच गाडी १९७२च्या सुमारास प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. इटलीतल्या ११००डीला मोठं, १२२१ सीसीचं इंजिन मिळालं होतं. आपल्याकडे जुनं १०८९ सीसीच राहिलं, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. इटलीत ११००डी १९६६ मध्येच बंद झाली. आपण तीच गाडी विसावं शतक संपेपर्यंत बनवत राहिलो.

याला हसणं सोपं आहे, पण तेव्हा गाडी घेणारा हसत नव्हता. तो नंबर लावून बसला होता. अॅम्बॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड, यापलीकडे निवड नव्हती. १९५९ मध्ये मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश निघाला, १९६९ मध्ये सरकारने किमतीही ठरवून दिल्या, आणि त्यावरून प्रीमियर थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. पैसे भरून वर्षानुवर्षं थांबायचं. हातात गाडी असलेला माणूस ती लगेच विकू शकला तर नव्या किमतीपेक्षा जास्त मिळायचे. वापरलेली वस्तू नव्यापेक्षा महाग, हे पुढच्या पिढीला समजावून सांगावं लागतं.

अशा काळात गाडी मोडीत काढणं कुणालाच परवडणारं नव्हतं. तळ सडला, तर डालडाचा डबा. मडगार्डला भोक पडलं, तर गॅस वेल्डिंगचं ठिगळ आणि वर लांबी. क्रोमची पट्टी गेली, तर चंदेरी रंग. अमेरिकन गाड्यांची अवस्था आणखी बिकट झाली. पेट्रोल पिणारी सहा सिलिंडरची इंजिनं उतरवून त्यात पर्किन्सची डिझेल इंजिनं बसली. बाहेरून डॉज, आवाज ट्रॅक्टरचा. ज्यांनी हे केलं त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, त्यांनी तसं केलं नसतं तर आज दुरुस्त करायला गाडीच उरली नसती. गंमत अशी की टंचाईने गाडी वाचवली आणि वाचवता वाचवता तिची पार रयाही घालवली. आज गाडी 'मूळ स्वरूपात' आणायची म्हणजे मागच्या चार-पाच मिस्त्र्यांची हुशारी एकेक करून उलगडायची. निम्मं काम तेवढंच असतं.

रस्त्यावरचं ज्ञानही त्याच टंचाईतून आलं. भोर घाटात शिंग्रोबाला नाणं टाकायला गाडी थांबवायची, तेव्हा रेडिएटरचं पाणीही बघून घ्यायचं. उन्हाळ्यात पेट्रोलची पाइपातच वाफ होऊन गाडी बंद पडली की इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या एसी पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं सावलीत बसायचं. या एसीचा थंड हवेशी संबंध नाही, पंप बनवणाऱ्या कंपनीवरून पडलेलं ते नाव. नव्या मुलांचा हमखास गोंधळ होतो. मी ही फडक्याची युक्ती पुस्तकी समजत होतो. गेल्या एप्रिलमध्ये खंबाटकीत स्वतः करून पाहिली आणि गाडी खरंच चालू झाली. मागे अडकलेल्या ट्रकवाल्याने पाण्याची बाटलीही दिली, सल्लेही दिले.

जुन्या गाड्यांच्या छंदाची दुसरी एक वाट आहे, आणि वर्तमानपत्रांतले फोटो बहुतेक तिचेच असतात. ती संस्थानिकांची. १९७१ मध्ये तनखे गेले, तसे राजवाड्यांच्या गॅरेजमधले रोल्स-रॉइस आणि कॅडिलॅक बाजारात आले, आणि काही हौशी श्रीमंतांनी ते वेळेत उचलले. शोचं वळण ब्रिटिश: लंडन ते ब्रायटन ही धाव मुळात १८९६ची, आणि तिची आठवण म्हणून जुन्या गाड्या पळवायची प्रथा १९२७ पासूनची. आपल्याकडे स्टेट्समन वर्तमानपत्राने १९६४ मध्ये दिल्लीत रॅली सुरू केली, पुढे मुंबईतही क्लब झाले आणि हॉर्निमन सर्कलला गाड्या रांगेत उभ्या राहू लागल्या. अशा मेळाव्यात रोल्सने कचरा उचलणाऱ्या महाराजांची गोष्ट ऐकायला मिळतेच, फक्त दर वेळी महाराज बदलतात. पण ज्याच्याकडे एकच गाडी, एकच मिस्त्री आणि फक्त रविवार आहे, त्याचं घराणं हे नाही. तो कुर्ल्याचा.

आणि त्याला खरा आधार दिला तो काळ्यापिवळ्या टॅक्सीने. मुंबईत एके काळी साठेक हजार टॅक्स्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक पद्मिनी. १९८३ मध्ये मारुती आल्यावर घरगुती गिऱ्हाईक भराभर गेलं, टॅक्सीवाला मात्र फियाटलाच धरून राहिला, कारण तिचं सगळं काम नाक्यावरच्या गॅरेजात व्हायचं. एवढ्या टॅक्स्या चालू म्हटल्यावर ब्रेकच्या किट, किंगपिन, क्लचप्लेट, पाटे असं सगळं बनत राहिलं आणि स्वस्तात मिळत राहिलं. पद्मिनी म्हणजे पोटातून डुक्कर फियाटच, त्यामुळे माझ्या गाडीचं इंजिन बोअर करायची वेळ आली तेव्हा पिस्टनसाठी वणवण करावी लागली नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका दुकानदाराने नुसतं "फियाट? कुठलं साइज?" एवढंच विचारलं.

अडतं ते वरच्या अंगावर. दिव्याभोवतीची रिंग, मागच्या दिव्याची काच, जाळीचं क्रोम, दाराचं हँडल, यातलं काही टॅक्सीला लागत नव्हतं, म्हणून ते कुणी बनवलंही नाही. यासाठी मग पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, कुठल्यातरी गावच्या भंगारवाल्याचा फोन. डाव्या मागच्या दिव्याची काच मला मिळायला चौदा महिने लागले, आणि मिळाली ती उजवीकडची. दिवा उलटा फिरवून बसवायचा मोह झाला होता. मिस्त्री तयारच होते.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी फियाट रस्त्यावरून अधिकृतपणे संपली. त्या दिवशी सगळीकडे हळवे लेख आले. गॅरेजमध्ये चर्चा निराळी होती: आता पार्ट कोण बनवणार? कारखाना कधीच बंद झालाय, कुर्ल्याच्या त्या जागेवर आता उंच इमारती आहेत. दुकानांत माल आहे तोवर आहे. त्यात पेट्रोलमधलं इथेनॉल वाढलंय, ते जुन्या रबराला मानवत नाही. पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे सील नव्या प्रकारच्या रबराचे करून घ्यावे लागतात, नाहीतर गळती ठरलेली.

कायद्याने या गाड्यांची दखल घेतली ती २०२१ मध्ये. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी आता 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणी असेल तर वीस हजार रुपये फी, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, हे फार बरं झालं. 'बीएम'ने सुरू होणारी काळी पाटी उतरवायला कुणीच तयार झालं नसतं. गणित केलं तर पहिल्या पद्मिनीही आता पन्नाशी ओलांडायला लागल्या आहेत. टॅक्सी म्हणून जिला कुणी वळून पाहिलं नाही, ती कागदोपत्री व्हिंटेज होणार.

पण या नोंदणीत एक मेख आहे. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. संग्राहकाला हे सोयीचं आहे, त्याची गाडी तशीही ट्रेलरवरून जाते. माझ्यासारख्याला वाटतं की फियाट मंडईत नेली नाही तर ती केली कशाला? म्हणून पुष्कळजण साध्या नोंदणीवरच राहतात, दर पाच वर्षांनी फेरनोंदणीला उभे राहतात. २०२२ मध्ये त्याची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली होती, वर पर्यावरण कर वेगळा. आम्हीही सध्या तेच केलंय.

आणि 'मूळ स्वरूप' म्हणजे नेमकं काय, यावर आमच्या गॅरेजात अजून एकमत नाही. तळाला नवा पत्रा मारला, त्यावर वाद झाला नाही. वाद झाला डायनामोवर, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या भागावर. गाडीचा मूळ डायनामो चालू होता, पण इंजिन संथ असलं की चार्जिंग करत नव्हता. सिग्नलला उभं राहिलं की दिवे मिणमिणते. मिस्त्रींचं म्हणणं, पद्मिनीचा अल्टरनेटर टाकू, ब्रॅकेट मी बनवतो, कंपनीनेच पुढे टाकला ना? मी म्हटलं, या गाडीत नव्हता. "साहेब, डालडाचा डबा टाकणाऱ्यानंही कुणाला विचारलं नव्हतं," ते म्हणाले, "तुम्ही रात्री सातारा रोडला चालवणार ना?"

आता गाडीत अल्टरनेटर आहे. डायनामो डिकीत, गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. तपासणीच्या आदल्या दिवशी बदलायला दीड तास लागतो, आम्ही वेळ लावून पाहिलाय.