घरातली धूळ, झुरळं आणि बाळदमा

जन्मापासून दोन-तीन वर्षांत बाळाच्या नाकातोंडात घरातले जे अ‍ॅलर्जीचे कण जातात त्यांचा पुढं होणाऱ्या दम्याशी काय संबंध, तो हा विषय. कण म्हणजे झुरळाची घाण, उंदराचं मूत, मांजराची लाळ न् कोंडा, बुरशी, आणि सगळ्यात बेरकी म्हणजे डस्ट माइट, पाव-एक मिलिमीटरचा आठ पायांचा किडा, गादीत राहतो, आपल्याच कातडीचा कोंडा खातो. चावत बिवत नाही, त्याच्या विष्ठेतलं प्रोटीन बाधतं.

आधी हिशेब सरळ वाटायचा. १९९० मध्ये इंग्लंडातल्या एका अभ्यासात दिसलं की वर्षाच्या बाळाच्या घरात माइट जास्त असले तर अकराव्या वर्षी दमा जास्त, मग काय, गाद्यांना कव्हरं घाला, घर चकाचक ठेवा. पण त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश संशोधक डेव्हिड स्ट्राचन यांनी मांडलं होतं की ज्याला मोठी भावंडं जास्त त्याला परागकणांची सर्दी कमी, म्हणजे भावंडांकडून लागणारा लहानपणीचा जंतुसंसर्ग काहीतरी राखण करत असावा. आणि २०१७ ला तर अमेरिकेत बाल्टिमोर, बोस्टन, न्यूयॉर्क, सेंट लुइसच्या गरीब वस्त्यांतली बाळं जन्मापासून सात वर्षं बघितली तेव्हा पहिल्या तीन वर्षांत ज्यांच्या घरच्या धुळीत झुरळ, उंदीर, मांजर यांचे कण जास्त त्यांना सातव्या वर्षी दमा कमी निघाला! यावरून झुरळं पाळायला घेऊ नका. हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, धुळीतल्या जीवाणूंचाही त्यात हात असू शकतो. आणि एकदा का पोराला झुरळाची अ‍ॅलर्जी झाली की गणित उलटं, तीच झुरळं मग त्याला दवाखान्यात नेतात. त्याच अभ्यासात गरोदरपणी आईच्या अंगात गेलेला तंबाखूचा धूर मात्र दमा वाढवणाराच निघाला.

सोलापुरात हे वाचताना शहराचा पूर्व भाग डोळ्यापुढं येतो. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागं संसार, कापसाचा बारीक कोंडा ट्यूबलाइटवर, पाळण्याच्या दोरीवर सगळीकडं. शेजारी बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली, तंबाखूची भुकटी उडतीय, बाळ तिथंच झोपलेलं. हा कोंडा न् ही भुकटी वरच्या अभ्यासातल्या कणांत धरू नये, ही श्वासनळीला खाजवणारी धूळ, हिच्यानं फायदा होईल म्हणायला काही आधार नाही. बाळंतिणीच्या खोलीत दार लावून शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी देतात तीही तसलीच, कितीही मायेनं दिली तरी धूर तो धूरच, छातीत सुईंसुईं वाजणाऱ्या लेकराला तर अजिबात देऊ नये.

माइटच्या बाबतीत मात्र सोलापूरचं ऊन कामाचं. हा किडा पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो, त्यामुळं कोरड्या हवेत सुकून मरतो, पावसाळ्यात परत वाढतो. मेला तरी त्याची विष्ठा गादीत राहतेच म्हणून नुसतं वाळत घालून भागत नाही, चादर कढत पाण्यात, साधारण ६० डिग्रीला धुवावी लागते, आणि आपली जाड सोलापुरी चादर झटकायची तर गच्चीवर जाऊन, पोराच्या अंगावरून ओढून तिथंच फटाफटा नाही.